तीन मोकळ्या ओळी

दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात आमच्या साताऱ्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत लग्नं जमतात. निदान जमावीत अशी अपेक्षा असते. शाळेच्या कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि घरात नुसतं बसून राहिले तर मी आमच्या ह्यांचं डोकं खाईन हे दोघांच्याही लक्षात आल्यावर मी हे वधूवर सूचक काम अंगावर घेतलं. फी घेत नाही. त्यामुळे रागवायची मोकळीक राहते.

आणि मी रागावते. मुलामुलीचा माहितीचा कागद माझ्याकडे आला की मी आधी फोटो बघत नाही, रकाने बघते. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, देवक, उंची, शिक्षण, मामाचं कूळ आणि गाव, सध्याचा पत्ता, नोकरीचं ठिकाण, फोन. एक ओळ जरी मोकळी असली तरी कागदावर लाल पेनानं ‘माहिती अपूर्ण’ असं लिहून तो परत. पुढं मेल आली तेव्हा मी मेलमध्येही अक्षरं लाल करायला शिकले. ‘आपली माहिती अपूर्ण आहे. पूर्ण करून न पाठविल्यास विचार होणार नाही.’ हे वाक्य मी इतक्या जणांना पाठवलं होतं की ते टाइप करताना बोटांकडे बघावं लागत नसे.

“तू लग्नं जमवतेस की जनगणना करतेस?” हे विचारायचे.

मी म्हणायचे, माहिती नीट असली की माणूस कळतो. आणि नुसत्या कागदावर माझा विश्वास कधीच नव्हता. कागदामागोमाग चौकशी आली. चौकशीत माझा हात कोणी धरू शकणार नाही, असं मला अगदी परवापरवापर्यंत वाटत होतं. माझी पद्धत साधी होती. स्थळानं दिलेल्या नंबरवर चौकशी करायची नाही. तिथं घरातलंच कोणीतरी फोन उचलणार आणि घरचा माणूस घराला कशाला नावं ठेवील. आपण आपल्या वाटेनं जायचं. त्या गल्लीतला इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, जुना भाडेकरू, मुलाच्या आत्याच्या शेजारीण असलेली आपली कोणी मैत्रीण. दुसरं म्हणजे घाई. मुलगा परवा परत चाललाय, उद्याच काय ते सांगा, असं जो म्हणतो त्याच्याकडे आपण दोन आठवडे थांबून जायचं. तिसरं म्हणजे, जे विचारायची अजून वेळ आलेली नाही ते कोणी आधीच विचारत असेल तर तिथं पाणी मुरतंय असं समजायचं. या तीन गोष्टींवर मी कितीतरी मुली वाचवल्या आहेत आणि दोन-तीन मुलगेही.

हे सगळं एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे मी स्वतः यातली एकही गोष्ट केली नाही.

एका सोमवारी सकाळी मेल उघडली तर सांगलीचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांचं पत्र. कागद असा की बघत राहावं. एकही ओळ मोकळी नाही. जन्मवेळ मिनिटापर्यंत, देवक, मामाचं कूळ, मामाचं गाव, आजोळच्या पणजोबांपर्यंत सगळं. मुलगा इंजिनिअर, उंच. इतक्या वर्षांत मला हवा तसा कागद पहिल्यांदा कोणी पाठवला होता आणि मला खरं सांगायचं तर भरून आलं. साताऱ्यातलीच एक मुलगी लगेच डोळ्यांपुढे आली, तिची आई वर्षभर माझ्या मागे लागली होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘मुलगा गुरुवारी परगावी परत जाणार असल्याने त्यापूर्वी पाहून कळवावे. फोटो व पत्रिका खाली जोडली आहे.’ आणि खाली निळी अक्षरं.

गुरुवार वाचल्यावर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. मी निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

जे पान उघडलं ते माझ्या मेलच्या पानासारखंच होतं. पासवर्ड विचारला, मी टाकला. चुकीचा आहे म्हणालं. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. मग मला वाटलं, मधे कधीतरी बदलला असेल आणि आपल्या लक्षात नसेल, म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले सगळे जुने पासवर्ड मी एकामागून एक टाकून पाहिले. माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे. शेवटी ते पान आपोआप मिटलं आणि माझी नेहमीची मेल समोर आली. फोटो काही दिसला नाही.

मी त्या गृहस्थांना लाल अक्षरांत उत्तर पाठवलं, ‘फोटो उघडत नाही. माहिती अपूर्ण आहे.’

म्हणजे चोराला घराच्या किल्ल्यांचा जुडगा दिला आणि वर त्यालाच झापलं. आता हे आठवून हसू येतं. तेव्हा मी समाधानानं स्वयंपाकाला लागले होते.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास मेढ्याकडच्या एका गावातून फोन आला. त्या माणसाच्या मुलीचं नाव माझ्याकडे होतं.

“बाई, तुमी सांगितल्यापरमानं आधारकार्डाचा फोटू धाडलाय,” ते म्हणाले. “दोनी बाजूंनी काढलाय. नीट दिसतूय का तेवडं बघा. न्हाईतर परत काढतो.”

“मी कुठं सांगितलं?” मी विचारलं.

“आवं, काल मेल आली की तुमची. लाल अक्षरातली.”

मी मेल उघडून पाहिली. मी पाठवलेलं काही नव्हतं आणि त्यांच्याकडून आलेलंही काही नव्हतं. वाटलं, भला माणूस काहीतरी घोटाळा करतोय. पण पोळ्या होईपर्यंत आणखी दोन फोन आले. एकीनं पॅनकार्ड पाठवलं होतं, एकानं मुलीच्या पासबुकाचं पहिलं पान. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुमची लाल अक्षरातली मेल आली, उद्यापर्यंत पाठवा म्हणालात. तिसऱ्या फोननंतर मी गॅस बंद केला.

माझी धाकटी बहीण सांगलीत असते. बँकेतून निवृत्त झालेली आहे आणि सांगलीतल्या स्थळांची चौकशी इतकी वर्षं तीच करून देते. तिला फोन लावला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सोमवारच्या त्या सांगलीच्या स्थळाची चौकशी माझ्याकडे का नाही आली?”

“अगं, कागद इतका पूर्ण होता…” मी म्हणाले.

तिनं मला फोनवरच कामाला लावलं. कोणतंही निळं अक्षर दाबायचं नाही, मेलचा पत्ता आपल्या हातानं टाइप करून आत जायचं. पासवर्ड बदलायचा, आणि तोच किंवा त्या जुन्यांपैकी कोणताही आणखी कुठं वापरला असेल तर तिथलाही बदलायचा. ‘सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा’ असा एक पर्याय असतो, तो दाबायचा, म्हणजे चोर आत बसला असला तरी बाहेर निघतो. मग पासवर्डाच्या जोडीला फोनवर येणारा आकडा लावून घ्यायचा. शेवटी तिनं मला मेलच्या आतल्या कुठल्याशा कोपऱ्यात नेलं. तिथं मी न लावलेला एक नियम लावलेला होता. ‘आधार’, ‘पॅन’, ‘सोबत जोडले आहे’ असे शब्द ज्या उत्तरांत असतील ती मला न दाखवता परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जावीत आणि इथून पुसली जावीत. माझ्या घरात कोणीतरी माझ्यापेक्षा कडक नियम लावून ठेवले होते.

दुपारी बहीण स्कूटरवरून त्या सांगलीच्या पत्त्यावर जाऊन आली. घर खरं होतं, माणसं खरी होती, मुलगाही खरा होता. फक्त त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्याचा कागद दुसऱ्या कोणा सूचक केंद्राच्या मेलमधून असाच चोरीला गेला असणार, असं तिचं म्हणणं. त्या बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. “आणि ती मेल आली त्या पत्त्याकडे तू नीट बघितलंस का?” तिनं विचारलं. “नाव मुलाच्या वडिलांचं, पण पत्ता नुसती अक्षरं आणि आकडे. दोन सेकंद बघितलं असतंस तर दिसलं असतं.”

मी नाव बघितलं होतं. पत्ता बघितला नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना ‘पत्ता सविस्तर लिहा’ म्हणून सांगितलं तिनं.

त्या दिवशी दुपारपासून आम्ही फोन करायला बसलो. आम्ही म्हणजे मी आणि हे. मला वाटलं होतं की हे आता जनगणनेवरून काहीतरी बोलतील. उलट त्यांनी माझी वही घेतली, मधोमध पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, “खालची अर्धी माझी.” बत्तीस वर्षं एसटीच्या कार्यालयात लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला माणूस. त्यांच्या वाट्याला आलेल्यांना कमी राग आला असेल.

ऐंशीच्या वर घरं होती. प्रत्येक घराला तेच सांगायचं. माझ्या नावानं मेल आली असेल तर ती माझी नाही. काही पाठवू नका. पाठवलं असेल तर बँकेला आजच जाऊन सांगा, आधारला कुलूप लावता येतं ते लावून घ्या, आणि फोनवर येणारा ओटीपीचा आकडा कोणी विचारला तर सख्ख्या भावालाही देऊ नका. हे सगळं बोलण्याआधी एक वाक्य बोलावं लागायचं, चूक माझी आहे. पहिल्या दहा घरांना ते वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नव्हतं. मी ‘झालं असं की’ पासून सुरू करायचे आणि पाच मिनिटं चोरांबद्दल बोलायचे. ह्यांनी एकदा फोन ठेवल्यावर सांगितलं, आधी चूक सांग, मग चोर सांग, लोकांना पटकन समजतं. ते खरं होतं.

काही जण रागावले. मुलीचा फोटो कुठं कुठं जाईल म्हणून एक आई रडली. एका आजींनी विचारलं, “मंग आमचं स्थळ रद्द झालं का?” पण खरा घाव बसला तो वेगळ्याच ठिकाणी. अकरा घरांनी कागद पाठवले होते. मी प्रत्येकाला विचारलं, अहो, मी कधी आधार मागते का? लग्नाच्या स्थळाला पासबुक कशाला लागेल? थोडं तरी थांबायचं, मला फोन करून विचारायचं.

कोरेगावच्या एका काकांनी अगदी साधेपणानं उत्तर दिलं. “बाई, तुमाला इचारायचं म्हंजे तुमी रागावणार. एक ओळ ऱ्हायली तर कागद परत येतुया. आमी म्हटलं, मागितलंय तर देऊन टाकू.”

बाकीच्या दहांचं उत्तर थोड्याफार फरकानं तेच होतं. चोरानं काही विशेष हुशारी केली नव्हती. माझ्या जुन्या मेल वाचल्या आणि माझ्यासारखं रागावून पाहिलं. लोक मला इतके घाबरत होते की त्यांनी माझ्या रागाची चौकशी केली नाही. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली.

गुरुवारी पोलिसांकडे तक्रार द्यायला गेले. तिथल्या तरुण बाईंनी माझा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला. “दोन रकाने राहिलेत, काकू. मेल आली ती वेळ, आणि तो मेलचा पूर्ण पत्ता.” मी मुकाट्यानं बाकावर बसून दोन्ही रकाने भरले. हे शेजारी उभे राहून छताकडे बघत होते.

शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी त्यांची अर्धी यादी माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. “तुझी संपली?”

“एक राहिलीय,” मी म्हणाले.

ती एक बुधवारपासून राहिली होती. वहीत तिचं नाव माझ्या अर्ध्यातच, अगदी वरच्या बाजूला होतं. दर वेळी मी तिच्यावरून पुढे जात होते.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली ती रविवारी नाही, मंगळवारी दुपारी. खोलीत दुसरं कोणी नसावं म्हणून. कोरेगावजवळच्या एका गावची, तिशीतली, प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करणारी. पहिलं लग्न मोडलेलं. मोडून कायदेशीर सुटका झाली तरी तो माणूस तिला सोडत नव्हता. ती जिथं राहायला जाईल तिथं दाराबाहेर येऊन उभा राहायचा, काही बोलायचा नाही, नुसता उभा. तिनं एकदा नोकरी बदलली, दोनदा घर बदललं. आता कुठं कोणाला पत्ता नव्हता, तेव्हा तिला पुन्हा संसाराचा विचार करावासा वाटत होता. तिनं कागद भरून आणला होता आणि त्यात तीन ओळी मोकळ्या होत्या. सध्याचा पत्ता, नोकरीचं ठिकाण, फोन.

मी सवयीनं लाल पेन उघडलं होतं. मग तिनं हे सगळं सांगितलं. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “राहू देत या तीन ओळी मोकळ्या. मला तोंडी सांग. तुला विचारल्याशिवाय तुझा कागद मी कोणाला दाखवणार नाही.” ती कऱ्हाडला काम करते हे फक्त मला माहीत होतं. फोन नंबर मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिला, नाव न घालता. इतक्या वर्षांत मी एवढा एकच अपूर्ण कागद ठेवून घेतला.

पण तोच कागद पुढं तिनं मेलनंही पाठवला होता. म्हणजे तिचा मेलचा पत्ता चोरांकडे होता आणि तिलाही लाल अक्षरं गेली असणार. बाकीच्यांना जे वाटलं तेच तिलाही वाटलं असेल तर तिनं त्या तीन ओळी भरून पाठवल्या असतील. मग तिचं घर, तिचं काम, तिचा फोन कोणा अनोळखी माणसाच्या हातात, तिथून आणखी कोणाच्या हातात, आणि एक दिवस दाराबाहेर तो उभा. हे सगळं माझ्यामुळे. तीन दिवस मला फोन करायचा धीर झाला नाही. मी स्वतःची समजूत घालत होते की अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते, प्रत्यक्ष जाऊन सांगायची असते. त्यात थोडं खरं होतं, पण फारसं नव्हतं.

शनिवारी सकाळच्या बसनं मी कऱ्हाडला गेले. तिचा कागद, माझ्याकडे असलेली एकमेव छापलेली प्रत, पिशवीत घेतली होती. तो तिला परत द्यायचा आणि माफी मागायची, एवढं ठरवलं होतं. महामार्गावर पुलाचं काम चाललं होतं, बस अर्धा तास एकाच जागी उभी होती आणि मला ते बरं वाटत होतं.

प्रयोगशाळेच्या खिडकीशी चार-पाच माणसं होती. तिनं मला आतूनच पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हातमोजे काढून खिशात घालून, पर्स घेऊन ती बाहेर आली. बाहेर झाडाखाली बाक होता, तिथं आम्ही बसलो. तिनं चहा सांगितला.

मी ह्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी चूक सांगितली. “माझ्या मेलचा पासवर्ड मी चोराला दिला. फसले. तुझा कागद त्या मेलमध्ये होता. तुला माझ्या नावानं मेल आली असेल.”

“आली की. मंगळवारीच,” ती म्हणाली आणि फोन काढून माझ्यापुढे धरला.

‘आपली माहिती अपूर्ण आहे. सध्याचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, फोन नंबर व आधारची प्रत उद्यापर्यंत न पाठविल्यास आपले नाव कमी करण्यात येईल.’ अक्षरं लाल होती. वाचताना माझाच आवाज ऐकू येत होता.

“भरलंस?” मी विचारलं.

“न्हाई.”

मी चहाचा कप बाकावर ठेवला. मग विचारलं, “कशावरून ओळखलंस? बाकी लोकांनी तर…”

“आवं बाई, वाक्य तुमचंच हाय, रागबी तुमचाच हाय,” ती म्हणाली. “घडीभर मलाबी वाटलं, तुमीच. पर ह्या तीन ओळी मोकळ्या ऱ्हाऊ देत म्हणून तुमीच सांगितलं हुतं ना? माझ्यासमोर पेनाला टोपण लावलं हुतं. मग त्याच तीन ओळी तुमी कशा मागाल?”

इतकी वर्षं लोकांकडून भरून घेतलेल्या ओळींनी कोणाला वाचवलं नव्हतं.

पण माझा स्वभाव असा की तिथंही गप्प बसवलं नाही. “मग मला लगेच फोन का नाही केलास? मंगळवारीच कळलं असतं. अकरा घरं वाचली असती.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तेवडं चुकलं माजं,” ती म्हणाली. “मी माज्यापुरतंच बगितलं. पर बुधवारी माज्या मैत्रिणीच्या घरी तुमचा फोन आला. गुरुवारी तिच्या मावशीकडं आला. म्हटलं, आता आपल्याला येईल. शुक्रवार झाला.” तिनं बोटांवर दिवस मोजले. “चौकशी करीत हुते तुमची. तुमीच शिकवलंय की.”

खिडकीशी कोणीतरी तिला हाक मारली. ती ‘आले’ म्हणाली, पण उठली नाही.

“मला भीती वाटत होती,” मी म्हणाले. “तू भरून पाठवलं असशील याची. आणि तुला तोंड दाखवायची.” एवढं सरळ मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

“भ्या वाटतंय म्हणून सांगायचं न्हाई,” ती म्हणाली, “असं मीबी लय वर्षं केलं. घरी कुणाला सांगितलं न्हाई. त्यानं काय हुतंय ते मला म्हाईत हाय.”

मी पिशवीतून तिचा कागद काढला. दोन वर्षांत कडा थोड्या पिवळ्या पडल्या होत्या. फोटोत ती आत्तापेक्षा बारीक दिसत होती. “हा तुझा तुला परत,” मी म्हणाले. “मेलमधला पुसलाय. तुझं नाव काढून टाकू का वहीतून?”

तिनं कागद मांडीवर ठेवला आणि त्या तीन ओळींवरून एकदा बोट फिरवलं. भरायला पेन मागते की काय असं मला क्षणभर वाटलं. तिनं कागदाची चार पदरी घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

“नाव ऱ्हाऊ द्या. कागद मातर माज्यापाशी असू द्या,” ती म्हणाली. “चांगलं स्थळ आलं तर सांगा. मी सवता घेऊन येईन, दाखवीन आणि परत घेऊन जाईन.”

“बरं,” मी म्हणाले.

ती उठली. खिशातून हातमोजे काढून घालायला लागली. एक बोट अडकलं होतं, ते नीट करता करता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि बाई, परत कवा असं काय झालं, तर पयला फोन मला करा. शेवटचा न्हाई.”

मी हो म्हणाले. ती आत गेली. मी तिथंच बसून माझी वही उघडली, तिच्या नावापुढे बरोबरची खूण करायला. पेन हातात घेतलं, पण या नावाला फोन मी केलाच नव्हता. मग खूण न करताच वही मिटली आणि साताऱ्याची बस धरली.